वाढत्या अंगाचं

पाठीच्या तुकड्याची रेघ जुळली नाही. कावेरीने कागद पुन्हा सरकवून पाहिला, थोडा वर, थोडा डावीकडे. मुंढ्याची, काखेजवळची गोलाई जिथे संपायला हवी तिथे संपत नव्हती. एका पानावर ती रेघ कडेशी येऊन थांबत होती आणि शेजारच्या पानावर करंगळीभर बाहेरून सुरू होत होती. फरशीवर तिने सगळी पानं अंथरली होती. कोपऱ्यात चटईवर शाळेतून आलेली तिची लेक प्रणिता जेवून झोपली होती आणि तिचा एक पाय घेराच्या पानावर आला होता. नेटवरून उतरवलेला नक्षा पानापानांनी छापून घ्यायचा, पानं चिकटपट्टीने जोडायची, जोडलेला कागद कापायचा आणि कापडावर ठेवून खडू फिरवायचा, हे काम कावेरी दोन वर्षं करत होती आणि तिची रेघ कधी चुकली नव्हती. म्हणून ती गडबडली नाही. चूक कुठे आहे हे तिला लगेच कळलं, किंवा कळलं असं वाटलं. दहा पानं नेहमीच्या शहादेवच्या सायबर कॅफेत छापली होती. शेवटच्या दोन पानांना त्याच्या प्रिंटरची शाई संपली, म्हणून त्याने फ्लॉपी दिली आणि तिच्या नवऱ्याने, राजेश्वरने, दुकान उघडायला जाता जाता कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडून ती दोन पानं काढून घरी पाठवली. म्हणजे टायपिंगवाल्याने घाण केली. कोर्टाचे कागद छापणाऱ्याला फ्रॉक काय कळणार! ती उठली, मशीनच्या खणातून स्टीलची पट्टी घेतली आणि टायपिंगवाल्याची चूक किती आहे ते बघायला पुन्हा खाली बसली.

हे नक्षे तिने शोधले नव्हते. बीडमध्ये नेट आलं तेव्हा पोरं तिथे निकाल बघायला जायची आणि बायका परदेशातल्या भावांशी बोलायला. कावेरी गेली होती बी.एड.च्या फॉर्मसाठी. फॉर्मची मुदत संपली होती, पण तासाचे पैसे दिले होते, आणि शेजारच्या पडद्यावर कुणीतरी उघडं ठेवून गेलेल्या पानावर एक फ्रॉक होता, फ्रॉकच्या शेजारी त्याची हाडं सुटी करून मांडावीत तसे त्याचे तुकडे होते. पाठ, पुढा, बाही, खांद्याचा योक. फुकट होतं. वय निवडायचं आणि छापायचं. पहिल्यांदा छापलं तेव्हा चारही कडांनी रेघा तुटल्या होत्या. शहादेव मान खाजवत म्हणाला होता, "ताई, कडंनं कटायलंय बघा. नक्षा तिकडच्या कागदाचा, कागद आपल्याकडचा. बसंना." कावेरीने पान त्याच्यापुढे आपटलं होतं. "ते मला काय सांगतोस? मला रेघ न् रेघ पाहिजे. अर्धा मुंढा घेऊन काय लेकराला अर्धा हात घालू?" दुकानातली पोरं हसली. शहादेवही हसला. "बसवतो की मग. कॉम्प्युटरला काय, बस म्हनलं की बसतंय." त्याने कुठेतरी एक खूण केली, आणि दुसऱ्यांदा पानं आली ती अशी सुबक, चारही बाजूंनी पांढरी कड सोडून, मधोमध सगळ्या रेघा. तेव्हापासून तो तिला बघितलं की न सांगता ती खूण करायचा. आपण बोललो की काम होतं याचं कावेरीला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. तसं तिला आयुष्यात बऱ्याचदा वाटलं होतं.

प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असे. त्याखाली इंग्रजीत लिहिलेलं असे की हा चौकोन दोन इंच भरला पाहिजे. तिने ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं, कारण छापील गोष्ट कोण मोजतं? कापताना तो चौकोन चिंध्यांत जायचा आणि चिंध्यांतून प्रणिता तो उचलायची. तिच्याकडे बिस्किटाच्या डब्यात असे चाळीसेक चौकोन होते. त्यांना ती खिडक्या म्हणायची आणि भिंतीला थुंकीने चिकटवायची.

टायपिंगवाल्याच्या पानावरच्या चौकोनावर कावेरीने पट्टी ठेवली. दोन इंच. बरोबर दोन, रेघेवर रेघ. तिने पट्टी उचलली, पदराने पुसली आणि शहादेवच्या पानावर ठेवली.

एक सूत कमी होतं. इंचाचा आठवा भाग. नखाच्या कडेएवढा. शहादेवच्या त्या खुणेने नक्षा कागदावर बसायचा तो लहान होऊन, दर वेळी.

उमापूरला वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मन्मथप्पा म्हणजे बोलायला मऊ आणि मोजायला लोखंड अशी त्यांची गावात ख्याती. लेकरांच्या कपड्यासाठी कापड मागितलं की मीटर संपल्यावर ते चार बोटं पुढे सरकून कात्री लावायचे. "वाढत्या अंगाचं शिवा," असं गिऱ्हाइकाला सांगायचे, म्हणजे शिवणारीने ती चार बोटं आत दुमडून ठेवावीत आणि लेकरू वाढलं की उसवावीत. पण त्या चार बोटांच्या आधीचा मीटर त्यांना काटेकोर लागायचा. दर पाडव्याला ते दुकानाची मापाची सळई जमिनीवर ठेवायचे, शेजारी सरकारी शिक्क्याची दुसरी सळई ठेवायचे आणि कावेरीला म्हणायचे, वाक, डोळा जमिनीला लाव, टोकं जुळली का सांग. जुळलेलीच असायची. मग कशाला बघायचं, असं ती एकदा म्हणाली. आठ-नऊ वर्षांची असेल. फरशीचा गारवा गालाला लागत होता आणि नाकात कोऱ्या मांजरपाटाचा खळीचा वास. वडील म्हणाले होते, "कापडात चूक झाली तर एकाचं नुसकान. सळईत झाली तर समद्या गावाचं. आधी माप मापावं, कावेरी, मग कापड." तो गारवा आत्ता तिच्या तळहातांना लागत होता. ती दोन्ही हात टेकून पानांवर वाकली होती आणि ही फरशी बीडची होती, आणि वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

दोन इंचाला एक सूत. तिचं डोकं हिशेब करत सुटलं, तिने थांबवलं तरी. सहा वर्षांच्या मापाच्या छातीला दीड इंच. उंचीला अडीच इंचांहून जास्त. गेल्या वर्षी पाचाचा म्हणून जो फ्रॉक शिवला तो पाचाचा नव्हताच, चाराचाही धड नव्हता. तरी तो प्रणिताला बसला. बसला म्हणजे छान बसला, जणू अंगावर ठेवूनच कापला होता. त्याच्या आधी चाराचा बसला होता, तोही चाराचा नसणार. दोन वर्षं ती लेकराला लहान माप घालत होती आणि लेकरू त्या लहान मापात नीट मावत होतं. चूक कपड्यात असती तर कपड्याने सांगितलं असतं. काखेत काचला असता, मानेतून उतरला नसता. कपडा काही बोलला नाही, कारण कपडा आणि लेकरू दोघं सारखेच कमी होते.

तिला सत्यशीला आठवली. समोरच्या बंगल्यातली, पुढाऱ्याची सून, सोन्याच्या घड्याळाची. तिची पोरगी आणि प्रणिता एका महिन्याच्या. शाळेच्या गॅदरिंगला दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा सत्यशीला सगळ्या बायकांत म्हणाली होती, "तुमची प्रणिता लहान्या गटात नाचनार हाय का? न्हाई, उंचीवरनं वाटलं बापा." बायका बघायला लागल्या होत्या. कावेरीचं उत्तर तयार होतं. "वयाचंच माप बसतंय तिला. पाचाला पाचाचं. तालुक्यातलं न्हाई ते माप, नेटवरचं हाय, साऱ्या जगाच्या लेकरांचं. तुमची पोरगी जरा अंगानं जास्तच सुटलीय, तिला सांभाळा." सत्यशीला गप्प झाली होती. केवढी गप्प झाली होती! त्या रात्री कावेरीने तो किस्सा राजेश्वरला दोनदा सांगितला होता आणि दोन्ही वेळा तो हसला होता. नंतरही कुणी काही म्हणालं, नणंद म्हणाली, शाळेतल्या बाई म्हणाल्या, की ती तेच सांगायची. जगाचं माप. त्या उत्तराला धार होती. आता ती धार तिच्या हातात उलटी आली होती आणि तिला वेदना होत नव्हती, नुसतं लख्ख दिसत होतं, उन्हात काच दिसते तसं. सत्यशीलाने जे डोळ्यांनी बघितलं ते आपण कागद पुढे करून झाकलं.

ती उठली. लोखंडी पेटी उघडली आणि प्रणिताचे फ्रॉक एकेक करून बाहेर काढले. पिवळा, वाढदिवसाचा. जांभळा, दिवाळीचा. बारक्या फुलांचा, राजेश्वरच्या दुकानात उरलेल्या कटपीसचा. प्रत्येकाच्या घेरात तिने आतून दुमड ठेवली होती, वडिलांची चार बोटं. तिने पिवळा उलटा केला. दुमडीची टीप जशी घातली तशी होती. उसवली की कापडावर एक ओळ राहते, जुन्या घडीची, थोडी गडद. तिच्या स्वतःच्या लहानपणीच्या परकरावर अशा तीन ओळी होत्या आणि आई पाहुण्यांना त्या दाखवायची, बघा, पोरगी कशी वाढायली. पिवळ्यावर ओळ नव्हती. जांभळ्यावर नसणारच, तो अलीकडचा, असं म्हणत तिने तोही उलटा केला. चाराच्या वेळचा निळा पेटीच्या तळाशी होता. त्याचीही दुमड शाबूत होती. तो टाकला होता तो रंग उडाला म्हणून, आखूड झाला म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी तिने नवा फ्रॉक शिवला होता तो हौसेने, गरजेने नव्हे, आणि ही गोष्ट दोन वर्षं तिच्या लक्षात आली नव्हती. हौस असली की दिसत नाही.

"काय पसारा काढलाईस गं?" शांतादेवी दारात उभ्या होत्या. सासूबाई दुपारची पूजा आटोपून आल्या होत्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओले होते. त्या उंचीने इतक्या कमी होत्या की दाराच्या बुटक्या चौकटीलाही त्यांचं डोकं लागत नसे, आणि या घरात त्याचा कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

"आत्याबाई, बसा. एक सांगायचंय," कावेरी म्हणाली. तिने चौकोन दाखवले, पट्टी दाखवली, दुमडी दाखवल्या. शांतादेवींनी सगळं नीट बघितलं. मग फ्रॉक घडी करत म्हणाल्या, "एवढंच व्हय! आमच्यात समदे ठेंगणेच. मला बघ की. तुजा नवरा दहावीपर्यंत पयल्या बाकावर बसायचा. वाढत्यात आमची लेकरं, जरा दमानं वाढत्यात."

"तुमी ठेंगण्या हाईत, पण तुमी वाढलात, आत्याबाई. ही थांबलीय."

"अशुभ बोलू नगस." शांतादेवींचा आवाज एकदम वर गेला आणि झोपलेल्या प्रणिताकडे बघून खाली आला. "थांबली म्हणं! तुज्याच पायी झालं आसंल तर. फरशीवर कागदं आंथरायची, लेकरू तितंच लोळतंय, आन् तू कात्री घिऊन ह्या आंगाकडनं त्या आंगाकडं. किती डाव ओलांडलंस तिला? मी म्हनायची माघारी ओलांड, माघारी ओलांड, तर हसायचीस."

कावेरी हसायची हे खरं होतं. लेकराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, उलट पावली पुन्हा ओलांडलं की दोष जातो. ती हसायची आणि वाद नको म्हणून माघारी ओलांडायची. दर वेळी ओलांडलं का? एखाद्या वेळी घाई असेल, दूध उतू जात असेल, सासूबाई घरात नसतील. तिच्या मनाने ती एखादी वेळ शोधायला सुरुवात केली आणि तिने मनाला पकडलं. हे सोपं होतं. ओलांडल्याने झालं असेल तर ओलांडून जाईल. ठेंगण्या घरामुळे झालं असेल तर काही झालंच नाही. दोन्ही वाटांनी तिला पुन्हा मशीनवर जाऊन बसता आलं असतं. टायपिंगवाल्याची दोन पानं शहादेवकडून पुन्हा छापून आणली की रेघ जुळली असती. फ्रॉक झाला असता, बसला असता. तिला ते सहाव्या वाढदिवसाचं सगळं दिसलं, फुगे, राजेश्वरचा कॅमेरा, आपलं बोलणं, आणि त्यात सगळ्यांत भयंकर हे होतं की त्या चित्रात ती खूश होती.

शांतादेवींची बोटं प्रणिताच्या गळ्याकडे गेली, झोपेत वर आलेलं दोऱ्यातलं इष्टलिंग त्यांनी छातीवर सारखं केलं. त्याचा दोरा दर शिवरात्रीला त्याच बदलायच्या. लिंग काळजापाशी टेकलं पाहिजे, म्हणून लेकराच्या अंगाबरोबर दोरा वाढवायचा, हे काम त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. बोटं दोऱ्यावर तशीच थांबली.

"औंदा दोरा तेवढाच लागला," त्या म्हणाल्या.

कावेरीने दोऱ्याकडे बघितलं.

"जुना शेजारी ठिवून नवा कापला. वाटलं, मीच जुना नीट ताणून धरला न्हाई. मातारीच्या हाताचं काय." मग दोरा न सोडता, "त्याच्या मागल्या सालालाबी."

पंखा गेला. लोडशेडिंगची वेळ झाली होती. पानांची फडफड थांबली आणि खोलीत एकदम इतकी शांतता झाली की प्रणिताचा श्वास ऐकू यायला लागला. कावेरी फोन लावायला उठली. फोन पलीकडच्या भिंतीला होता, आणि मधे लेकरू होतं, आणि ती गेली ती सरळ, चटईवरून, आणि गेल्यावर तिला कळलं. ती वळली. एक पाय उचलला. तिला कशावरही विश्वास नव्हता आणि पाय उचललेला होता.

"ऱ्हाऊ दे," शांतादेवी म्हणाल्या. "त्यानं काय व्हायचंय आता. तू फोन लाव."

दुकानात गिऱ्हाईक होतं. राजेश्वर फोन मानेशी धरून कापड फाडत बोलत होता, फाडल्याचा आवाज येत होता. "आत्ता डॉक्टरकडं? कावून? ताप हाय का?"

"न्हाई."

"मग रविवारी जाऊ की निवांत. मी बी येतो."

"ताप असता तर रविवारपर्यंत थांबले असते," कावेरी म्हणाली. पलीकडे कापड फाटायचं थांबलं. "तुमी दुकान बघा. मी जाऊन येते. आल्यावर समदं सांगते."

प्रणिताला उठवलं, तोंड धुतलं. टायपिंगवाल्याच्या दोन पानांत पाठीचा वरचा भाग जवळजवळ पुरा आला होता. तो कावेरीने कापला आणि लेकराच्या पाठीला लावून धरला. कागदाचे खांदे तिच्या खांद्यांच्या दोन्हीकडून बाहेर गेले. कागदाची कड हवेत होती.

"हे कुणाचं हाय?" प्रणिताने मान वळवून विचारलं.

"तुझंच."

"मोठं हाय की."

"वाढत्या अंगाचं हाय," कावेरी म्हणाली, आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, शेजारी टेप ठेवली. ती टेपही निघताना तिने स्टीलच्या पट्टीवर लावून बघितली होती.

रिक्षात प्रणिता तिच्या आणि आजीच्या मधे बसली होती. शांतादेवी न विचारता आल्या होत्या. बसस्टँडच्या वळणावर क्लासची पोरं सायकलींवरून सुटली होती, लांब लांब हातपायांची, विजारी घोट्याच्या वर आलेली. आयांच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं. कावेरीला त्या आखूड विजारींचा हेवा वाटला. आयुष्यात तिने कुणाच्या आखूड विजारीचा हेवा केला नव्हता. काय निघेल ते तिला माहीत नव्हतं. पण ती घाबरलेली नव्हती, आणि याचं तिला नवल वाटलं नाही. रेघ जिथे जुळत नाही तिथून काम सुरू होतं. जुळल्यासारखी दिसते तेव्हा दोन वर्षं जातात.

लेकरांच्या डॉक्टरांकडे गर्दी नव्हती. बाहेरच्या खोलीत कंपाउंडर गहिनीनाथ वजनं-उंच्या लिहून घेत होता. भिंतीवर कुठल्याशा औषध कंपनीने दिलेला जिराफ चिकटवलेला होता, त्याच्या मानेवर आकडे. "ये गं बाई, जिराफाला पाठ लाव," तो प्रणिताला म्हणाला. प्रणिता पळत जाऊन उभी राहिली.

"थांबा," कावेरी म्हणाली. तिने प्रणिताला हाताने बाजूला केलं, पर्समधून टेप काढली आणि गुडघ्यांवर बसली. टेपचं टोक फरशीला, भिंतीच्या कडेला, दाबून धरलं.

गहिनीनाथ पेन थांबवून बघत राहिला. "ताई, काय करायलात? ते छापील हाय."

"म्हणूनच."

बाकावरची एक बाई हसली. शांतादेवींनी तिच्याकडे असं बघितलं की ती हसायची थांबली. कावेरी खाली वाकली, गाल जवळजवळ फरशीला लागला, टेप सरळ आहे का बघायला. फरशी गार होती. वाकलेली असतानाच तिला कळलं की आपण काय मागतो आहोत. जिराफ चुकीचा निघावा, चार बोटं वर चिकटवलेला असावा. तो चुकीचा निघाला तर जगातली सगळीच मापं चुकीची ठरतील आणि लेकरू बरोबर ठरेल. तिने ते मागणं नीट बघितलं, आणि मग टेप वर नेली. पहिला मोठा आकडा जुळला. त्याच्या वरचा जुळला. प्रणिताच्या डोक्याच्या उंचीवर ती थांबली, अंगठ्याने टेप धरली आणि नख आकड्यावर आणलं. रेघेवर रेघ होती. सूतभरही फरक नव्हता.

ती उठली. टेप गुंडाळली. प्रणिताच्या केसांतली क्लिप काढली, टाचा भिंतीला टेकवल्या, हनुवटी सरळ केली.

"माप बरोबर हाय," ती गहिनीनाथला म्हणाली. "आता हिला मापा."